बाहेरचा ठिपका

तुम्ही कधी एका ठिपक्यासाठी भांडला आहात का? जागेसाठी नाही, पाण्यासाठी नाही, रांगेतल्या नंबरासाठीही नाही. ठिपक्यासाठी. तिळाएवढा लाल ठिपका, लागला काय आणि विझला काय, कुणाच्या बापाचं काही बिघडत नाही असा. नसाल भांडला, तर निदान हसू नका. कारण या गोष्टीतला माणूस भांडला होता. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, दुकानमालकाची कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवून. त्या भांडणातून त्याला जे नाव पडलं ते जन्माचं चिकटलं. ठिपक्या. आईबापांनी ठेवलेलं नाव पुढे फक्त दवाखान्याच्या केसपेपरवर उरलं.

ठिपक्या पळत्या अक्षरांच्या पाट्या बनवायचा. दुकानांच्या कपाळावर, बँकेच्या दारावर, बस सुटतात त्या ठिकाणी लाल अक्षरं उजवीकडून येतात आणि डावीकडे पळून जातात, त्या पाट्या. बारक्या दिव्यांच्या ओळी, एकीखाली एक. कुठला दिवा लावायचा आणि कुठला नाही, एवढ्यावर अक्षर उभं करायचं. आता आपली अक्षरं म्हणजे काही साधी सरळ मंडळी नव्हेत. डोक्यावर रेघ, रेघेवर मात्रा, पोटाखाली उकार, आणि जोडाक्षर आलं की दोघांच्या बाकावर तिघं बसल्यासारखी गत. दिव्यांच्या ओळी तर मोजक्याच. बाकीचे कारागीर मात्रा छाटायचे, उकार चेपायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "चालतंय हो, लोकांना कळतं." हे "चालतंय" कानावर पडलं की ठिपक्याच्या डोक्यात जाळ व्हायचा. शाळा त्याने अर्ध्यात सोडलेली. पण चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने एकेक घर भरत बसला की जेवणाची शुद्ध नसायची.

भांडण झालं ते चपलांच्या दुकानापुढे. नवी पाटी चढवलेली, मालक खालून बघतोय. एका अक्षराच्या बाहेर एक दिवा एकटाच पेटलेला, आणि आत जोडावरचा एक विझलेला.

"हा दिवा बाहेर काय करतोय? फिरायला गेलाय का?"

"तो तिथेच पाहिजे," ठिपक्या शिडीवरून म्हणाला.

"अक्षराच्या बाहेर?"

"बाहेरच. रेघ आणि दांडी जिथे भेटतात तिथे दिव्यांची गर्दी होते. अक्षर उभं असेल तर ठीक, पण पळायला लागलं की तिथे गोळा दिसतो. म्हणून आतला एक विझवायचा आणि बाहेर एक लावायचा. डोळा मग आपलं आपण जुळवून घेतो."

"माझा डोळा तर काही जुळवत नाही. आत घे तो दिवा."

ठिपक्या शिडीवरून उतरला, मालकाचा हात धरला आणि गाड्यांच्या मधून ओढत त्याला रस्त्यापलीकडे नेलं. "आता वाचा." लोक थांबले. मालकाने वाचलं. मोठ्याने, न अडखळता, शेवटच्या शब्दापर्यंत. मग हात सोडवून घेत म्हणाला, "वाचता आलं म्हणून काय डोक्यावर बसशील का, ठिपक्या?"

दिवा बाहेरच राहिला आणि माणसाला नाव मिळालं.

ही गोष्ट त्याच्या बायकोने जेवताना इतक्या वेळा ऐकली होती की मालकाची नक्कल तीच नवऱ्यापेक्षा झकास करायची. "फिरायला गेलाय का?" असं नाकातून म्हणत ती भाकरी वाढायची. गोष्टीतली तिची आवडती जागा म्हणजे हात धरून ओढत नेणं. नवरा कसा कुणाला भीत नाही, ते. ठिपका नेमका कुठे होता, कशासाठी होता, हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला? नवरा खरा ठरला होता, विषय संपला होता.

तिला सगळे बटणवाली म्हणत. शिंप्यांच्या दुकानांतून शिवलेले शर्ट गठ्ठ्याने यायचे, ती त्यांना काज-बटण करायची. जिन्याच्या टोकाला दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकी, खिडकीखाली शर्टांचा ढीग, ढिगात बुडालेली ती. काजाचा एक टाका जरी रेषेबाहेर गेला तरी तिचे दात शिवशिवायचे. लगेच उसवायची आणि पुन्हा घालायची. शिंपी म्हणायचे, "वहिनी, कोण बघतंय?" ती म्हणायची, "मी बघतेय ना, मी काय आंधळी आहे?" एकूण काय, दोघं एकाच मुशीतले होते. फरक एवढाच, की वाकडं काय आणि सरळ काय, याचे दोघांचे हिशेब वेगळे होते. पुढचं सगळं त्यातून झालं.

रंगीत पडदे स्वस्त झाले आणि पळत्या पाट्यांचे दिवस भरले. ठिपक्या जुन्या पाट्या दुरुस्त करत एका बोळाच्या तोंडाशी टेबल टाकून बसायला लागला. तिथे एके दिवशी गेमवाली आली. जीन्सला रंगाचे डाग, खांद्याला पिशवी, बोलायला फटाकडी. ती छोटे छोटे गेम बनवायची, जुन्या धाटणीचे, ज्यात माणूस चौकोनी, झाड चौकोनी, ढगसुद्धा चौकोनी.

"आणि काका, अशा चौकोनी जगात आपली अक्षरं कशी दिसतात माहितीये? गुळगुळीत, बारीक, औषधाच्या बाटलीवरून सोलून चिकटवल्यासारखी. लहानपणी बसची वाट बघताना मी तुमच्या पाटीवर वाचायला शिकले. मला ती अक्षरं पाहिजेत. सगळी."

"सगळी म्हणजे?"

"बाराखडी, जोडाक्षरं, आकडे. अख्खा फॉन्ट. चौकोनी ठिपक्यांचा."

ठिपक्याने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "ज्याला पाहिजे त्याला फुकट वापरता आली पाहिजेत. कुलूप लावणार असशील तर चहा पी आणि निघ."

"नाही लावत."

"आणि माझ्या ठिपक्यांना हात लावायचा नाही."

"नाही लावत काका, झालं?"

ठरलं. ठिपक्या पुन्हा चौकटीच्या कागदावर बसला. आणि मग एका सकाळी त्याच्या हातातली, दिव्यांना तारा जोडायची सोल्डरची बंदूक गळून पडली. उचलली, पुन्हा पडली. नंतर चहाचा कप. नंतर एक दिवस असा आला की बटणवालीच्या नवऱ्याला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येईना. तिने हसत हसत लावून दिलं, आणि आतल्या खोलीत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

नसांचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाला, "डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील. बाकी घराची एकेक खोली बंद होत जाते, तसं समजा."

"आणि उघडायची किल्ली?" तिने विचारलं.

डॉक्टरने पुढच्या पेशंटला हाक मारली.

पाय गेले, हात गेले, जीभ जड झाली, मग आवाजच गेला. कुठल्याशा संस्थेची माणसं दवाखान्यातल्यासारखी खाट देऊन गेली. देताना फोटो काढले, बटणवालीला हसायला सांगितलं. खाटेचं एक चाक मोडकं होतं, ते त्यांनी फोटोत येऊ दिलं नाही. तिने चाकाखाली जुनी वीट सरकवली आणि असा काही उद्धार केला संस्थेचा, की खालच्या मजल्यावरच्यांनी रेडिओ बंद करून ऐकला.

उरला होता उजव्या हाताचा अंगठा.

त्या अंगठ्यासाठी गेमवालीने एक गोष्ट बनवून आणली. खाटेसमोर पडदा, पडद्यावर चौकटी. एक उजळलेली चौकट डावीकडून उजवीकडे चालत जायची, ओळ संपली की खालच्या ओळीला. ठिपक्याच्या अंगठ्याखाली एक बटण. चौकट हव्या त्या घरात आली की दाबायचं, घर भरायचं. ओळ चुकली असं वाटलं तर दाबून धरायचं, ओळ पुन्हा सुरू. बस. पहिलं अक्षर पूर्ण झालं तेव्हा गेमवालीने टाळ्या वाजवल्या आणि ठिपक्याने डोळे असे काही फिरवले, की बटणवाली म्हणाली, "टाळ्या नको वाजवूस गं. त्यांना वाटतंय तू त्यांना बालवाडीत बसवलंयस."

बोलायचं झालं तर तेच बटण. एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही. लांबचं बोलायचं असेल तर बटणवाली भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत जायची आणि तो हव्या त्या अक्षरावर दाबायचा. पण तिला धीर कुठला?

"पा... पाणी?"

नाही.

"पाय? पाय दुखतोय?"

नाही.

"पाठ? उशी सरकवू?"

नाही, नाही. शेवटी अख्खं निघालं ते "पाहुणे कधी जाणार". पाहुणे म्हणजे ठिपक्याची थोरली बहीण, जी तेव्हा खाटेच्या पायथ्याशी बसून डोळे पुसत होती. बटणवालीने तोंडाला पदर लावला. "काय म्हणतोय?" नणंदेने विचारलं. "म्हणतायत, वन्सं, तुम्ही जेवून जा."

नणंद मात्र मूर्ख नव्हती. ती जाताना जिन्यात थांबली आणि म्हणाली, "एवढा एक अंगठा उरलाय त्याचा. आणि तो अंगठा दिवसभर कुणासाठी हलतो? अक्षरांसाठी. माझ्याशी दोन शब्द बोलला असता. तुझ्याशी तरी बोलतो का?"

"बोलतात की," बटणवाली म्हणाली.

खोटं होतं ते. सकाळी अंग पुसून झालं की ठिपक्याची नजर पडद्याकडे जायची. अंगठ्यात दिवसाचं बळ मोजून मापून यायचं. ते अक्षरावर खर्च व्हायचं, आणि तिच्या वाट्याला उरायचं एक हो, नाहीतर एक नाही. भूक? हो. थंडी? नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ज्या माणसाने जेवताना तिला एक घास सुखाने गिळू दिला नाही, इतकी त्याची टकळी चालायची, त्याच्याकडून ती आता दिवसभरात एक शब्द मागत होती. आणि तो तिकडे चौकटीत ठिपके पेरत होता.

अंगठा उशीर करायला लागला, ते तिला आधी कळलं. चौकट येऊन पुढे सरकली की मग अंगठा दाबला जायचा. ठिपका एक घर पलीकडे पडायचा. गेमवालीने चौकटीचा वेग कमी केला, अंगठा आणखी मंद झाला. अक्षराच्या कडेला एखादा ठिपका बाहेर पडलेला दिसायचा, रेषा सोडून, एकटा. बटणवाली शर्टांच्या ढिगातून बघायची आणि तिचे दात शिवशिवायचे.

दुपारी जेवण भरवलं की त्याला गाढ झोप लागायची. एका दुपारी ती उठली, पडद्यापुढे बसली, माउस धरला. बाहेरचा ठिपका विझवला, आतलं रिकामं घर भरलं. अक्षर कसं सरळ झालं! काजाचा वाकडा टाका उसवून नीट घातल्यासारखं. तिला इतकं बरं वाटलं की तिने मागची अक्षरंही उघडली. तिथेही होते, एखादा इथे, एखादा तिथे. तिने सगळे आत घेतले.

मग ते रोजचंच झालं. मनात एक लालूचही होती, ती लपवण्यात अर्थ नाही. तिला वाटायचं, आपण चुका निस्तरल्या तर त्याला ओळी पुन्हा करायला लागणार नाहीत. अक्षरं लवकर संपतील. अक्षरं संपली की अंगठा मोकळा होईल, आणि मोकळा झाला की माझ्याशी बोलेल.

ठिपक्या मागची अक्षरं उघडून बघत नव्हता. बघण्यात अंगठा घालवणं त्याला परवडत नव्हतं. गेमवाली यायची, झालेली अक्षरं घेऊन जायची, "काका, भन्नाट" म्हणायची.

एके दिवशी संध्याकाळच्या आधी गेमवाली नाचतच जिना चढली. तिने नमुन्याचा गेम बनवला होता. एक चौकोनी माणूस एका चौकोनी घरात फिरतो, खोलीखोलीतले दिवे लावतो, आणि प्रत्येक दिव्याबरोबर खाली एक वाक्य पळत जातं. ठिपक्याच्या अक्षरांत. नणंदही आलेली होती. ठिपक्याला उशा लावून उंच बसवलं, पडदा जवळ ओढला.

चौकोनी माणसाने पहिला दिवा लावला. वाक्य उजवीकडून आलं आणि डावीकडे पळालं. ठिपक्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बघ गं, आनंद झालाय त्यांना!" बटणवाली म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली.

अंगठा दाबला गेला. दोनदा. नाही.

"काय नाही, काका? आवाज मोठा करू?"

नाही.

"दुसरी खोली दाखवू?"

नाही. नाही. नाही. बटण खटखट वाजत राहिलं. गेमवाली खाली वाकून वायर बघायला लागली. "अडकलं वाटतं." नणंद म्हणाली, "रडवलंत ना त्याला शेवटी! पुसा आधी डोळे." कुणी तोंड पुसतंय, कुणी उशी सरळ करतंय, आणि मधे तो माणूस, ज्याला सगळं दिसतंय, सगळं कळतंय, आणि ओरडायला आहे एक बटण.

शेवटी बटणवालीने तक्ता घेतला. या खेपेला तिने मधेच शब्द ओढले नाहीत. अक्षरामागून अक्षर, बाहेर अंधारून येईपर्यंत. निघालं ते असं: हात कुणी लावला.

"काका, शप्पथ, मी नाही!" गेमवाली म्हणाली. "आली तशी घातलीत."

बटणवालीने पडद्याकडे बघितलं. वाक्य अजून पळत होतं. सरळ, नीट, तिने सारखी केलेली अक्षरं. आणि रेघेला दांडी भेटत होती त्या प्रत्येक जागी एकेक गच्च गोळा, डोळ्यात कुसळ गेल्यासारखा. "फिरायला गेलाय का?" तिला आठवलं. चपलांचं दुकान, शिडी, मालक, सगळं आठवलं. इतकी वर्षं ती नक्कल करत आली होती, आणि त्या नकलेत ठिपक्याचा पत्ता अख्खा दिलेला होता.

"मी लावला," ती म्हणाली. "मला वाटलं अंगठा उशिरा पडतोय."

ठिपक्या तिच्याकडे बघत राहिला. राग होता की कीव, सांगता येत नाही. चेहऱ्यात आता तेवढं वेगळेपण उरलं नव्हतं.

"मग सांगायचं होतंत!" ती एकदम उसळली. "मला काय स्वप्न पडतं? दिवसभर अंगठा दिलात तो त्या ठिपक्यांना, मला एक शब्द दिलात का? एक? तुमच्या बहिणीलासुद्धा कळलं ते, तुम्हाला नाही कळलं!" नणंदेने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला. मग उरलेल्या शर्टांकडे बघत हळूच म्हणाली, "आता काय करू, सांगा."

गेमवाली हिशेबी होती. "काकू, तुम्ही कुठले कुठले हलवले, तेवढं सांगा. मी परत बाहेर ठेवते."

इथेच सगळं अडलं. कारण अंगठा काही जागी खरोखरच उशिरा पडला होता. उशिरा पडलेला ठिपका आणि मुद्दाम बाहेर ठेवलेला ठिपका, दोघांचा चेहरा एकच. काही ठिपक्याने जाणून ठेवलेले, काही थकून तसेच सोडलेले, आणि बटणवालीने सगळ्यांना एकाच सुईने आत ओढलेलं. जुनी अक्षरं नव्यांखाली पुसली गेलेली, गेमवालीकडचीसुद्धा. "आठवा ना काकू," गेमवाली म्हणत होती. पण उसवलेला टाका कोण लक्षात ठेवतं?

पुन्हा सुरुवातीपासून करायचं, ठिपक्याने एकदा बटण दाबून सांगितलं. हो. दुसऱ्या दिवशी चौकट पहिल्या ओळीत उभी राहिली. तो नवं अक्षर काढायला लागला आणि मधल्याच एका ओळीत चौकट पुढे गेली, शेवटाला पोचली, ओळ पुन्हा सुरू झाली, पुन्हा संपली. अंगठा हलला नाही. बटणवालीने तो चोळला, गरम पाण्याच्या फडक्यात धरला, शिव्या दिल्या, लाडीगोडी लावली. शेवटी तिने स्वतःचा अंगठा त्या बटणावर ठेवला.

"अहो, मी दाबते. तुम्ही फक्त सांगा. डोळे वर, तर हो. मिटले, तर नाही. जमेल?"

डोळे वर गेले.

असं ते काम पुढे सुरू झालं. शर्ट शिंप्यांकडे परत गेले. ती चौकट एकेक घर पुढे न्यायची आणि विचारायची.

"हा?" वर.

"हा?" मिटले.

"आणि हा?" वर.

एका अक्षरात दुपार जायची. पण त्या दुपारी तो तिच्याशी बोलत होता, आणि दुसऱ्या कुणाशी बोलत नव्हता. एका जागी ती थांबली. "अहो, हे बाहेर आहे बरं का. अक्षर इथे संपलं. इथे ठिपका?"

डोळे वर.

"नक्की? मागाहून मला बोल लावाल."

डोळे वर गेले आणि वरच राहिले, त्या दिवशी रस्त्यात जसा पाय रोवून उभा राहिला असेल तसे. तिने ठिपका ठेवला आणि नाकातून म्हणाली, "काय रे, फिरायला गेलायस का?" ठिपक्याच्या घशातून एक आवाज आला. त्याला हसू म्हणायचं की काय, ते ज्याचं त्याने ठरवावं. तिने हसूच धरलं.

मग पापण्या जड व्हायला लागल्या. "हा?" मिटल्या. नाही म्हणतोय, की दमलाय? उघडल्या. हो म्हणतोय, की नुसत्या उघडल्या? ती तोच ठिपका पुन्हा विचारायची, पुन्हा विचारायची, आणि दर वेळी उत्तर वेगळं यायचं. "मला फसवू नका हो," ती म्हणाली एकदा, आणि लगेच जीभ चावली. एका अर्ध्या अक्षराशी चौकट उभी राहिली ती उभीच.

गेमवालीने त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "काका, आहे तसं सोडू का? लोकांसाठी?" बऱ्याच वेळाने डोळे वर गेले. त्या दिवसांतलं तेवढं एक स्वच्छ उत्तर.

तो फॉन्ट मग बाहेर पडला. ज्याला पाहिजे त्याला, फुकट, कुलूप न लावता. थोडी अक्षरं नव्याने काढलेली, पूर्ण ठिपक्याची. बरीचशी बटणवालीने सारखी केलेली. काही जोडाक्षरांच्या जागी नुसता रिकामा चौकोन, कारण ती काढायला कुणी उरलं नाही.

लोकांना आवडला. गेमांत आला, दुकानांच्या पडद्यांवर आला. आणि टपाल सुरू झालं. गेमवाली येऊन वाचून दाखवायची. "सुंदर काम. फक्त एका अक्षराबाहेर चुकून ठिपका राहिलाय, तो काढून सुधारलेली प्रत सोबत जोडली आहे." दुसरं, तिसरं, तसंच. सगळी भली माणसं, मदत करायला निघालेली, एकाच्याही मनात पाप नाही. सुधारलेल्या प्रती मूळ प्रतीपेक्षा जास्त फिरायला लागल्या.

"अगं, मग सांग त्यांना!"

"कुणाकुणाला सांगू, काकू? दार तर आपणच उघडं ठेवलंय."

परवा बटणवाली औषधं आणायला गेली. दुकानात पडदा होता, नंबर आणि सूचना त्यावर पळत होत्या. तिने अक्षरं ओळखली. तिच्या हाताखालून गेलेली, एकेक ठिपका विचारून ठेवलेली. ती पडद्याजवळ गेली, चष्मा वर सरकवला.

"इथला ठिपका कुठे गेला?"

"कसला ठिपका?" औषधवाला म्हणाला.

"या अक्षराच्या बाहेरचा. काढला कुणी?"

"बाई, ते तयार येतं सगळं. गोळ्या घ्या, मागे रांग आहे."

"रांग गेली खड्ड्यात! तो ठिपका माझ्या नवऱ्याने ठेवलाय. आता बाहेर या, रस्त्याच्या पलीकडून बघा, वाचता येतंय का नीट ते." आणि तिने काउंटरवरून हात घालून त्याचं मनगट धरलं. रांगेतली माणसं हसली. कुणीतरी तिला हळूच बाजूला घेतलं, कुणीतरी गोळ्यांची पिशवी हातात दिली. औषधवाला काही पलीकडे गेला नाही.

घरी येऊन तिने ठिपक्याला सगळं सांगितलं, औषधवाल्याच्या नकलेसकट. तो खिडकीकडे तोंड करून होता. डोळे उघडे. वर नाही, मिटलेले नाहीत, नुसते उघडे. पडद्यावर ते अर्धं अक्षर अजून तसंच आहे. ती पडदा बंद करत नाही. शर्टांचे गठ्ठे पुन्हा यायला लागलेत; ती मधेच सुई थांबवून विचारते, "हा?" आणि उत्तराची वाट बघते.

तेव्हा तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. ती चौकोनी अक्षरं कधी तुमच्या हाती आली, आणि एखाद्या अक्षराच्या बाहेर एक ठिपका एकटाच उभा दिसला, तर तुमचे दात शिवशिवतील. शिवशिवू देत. कदाचित तो मुद्दाम ठेवलेला असेल, कदाचित थकलेल्या अंगठ्याकडून पडलेला असेल. ते आता कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही फक्त माउसवरचा हात उचला, आणि तो ठिपका आहे तिथे राहू द्या.